हलक्या शेडला भक्कम पाया कशाला?

शाळेची बाग म्हटली की कुदळी, फावडी, घमेली, खुरपी आणि झाऱ्या आल्या. या वस्तू ठेवायला जागा हवी, म्हणून बागेच्या एका कोपऱ्यात छोटीशी शेड बांधायचे ठरते. वर्गणी जमते, पत्रे येतात. मग कोणीतरी अनुभवी माणूस म्हणतो, "पत्र्याची शेड ती! तिला कसला आलाय पाया? चार खांब रोवा आणि पत्रे ठोका!" सर्वांना ते पटते. पाया हा वजन पेलण्यासाठी असतो आणि पत्र्याच्या शेडला वजन ते कितीसे?

पुढे काय होते ते काळ्या जमिनीच्या गावांत पुष्कळ ठिकाणी पाहायला मिळते. पहिल्याच पावसाळ्यात दार जमिनीला घासू लागते. उन्हाळ्यात तेच दार सैल होते, पण कडी कोयंड्यात बसत नाही. दोन-तीन वर्षांत एक कोपरा उचलला जातो आणि पत्र्यांच्या जोडांत फटी पडतात. आणि एखाद्या मे-जूनच्या वादळात छपराचा पत्रा सुटून दूर जाऊन पडतो. दाराचा दोष सुताराला दिला जातो, फटींचा लोहाराला आणि पत्र्याचा नशिबाला. वास्तविक या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. पाया फक्त वजन पेलण्यासाठी असतो ही आपली समजूत अर्धवट आहे. हलक्या शेडच्या पायाला वेगळीच दोन कामे करावी लागतात. खालून ढकलणाऱ्या जमिनीपासून शेड वाचवायची आणि वरून ओढणाऱ्या वाऱ्याविरुद्ध ती धरून ठेवायची.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग पूर्वापार मानले जातात. शेतीची जमीन ती 'काळी' आणि घरे असलेले गावठाण ती 'पांढरी'. पिकाला काळी उत्तम, पण घराला ती नको, हे अनुभवी डोळ्यांना ठाऊक होते. शाळेच्या बागेची अडचण अशी की, बाग काळीत असते आणि अवजारांची शेड बागेजवळच हवी असते. म्हणजे घर बांधायला नाकारलेल्या जमिनीवरच आपल्याला बांधकाम करायचे असते.

महाराष्ट्राच्या पठारावरील काळी माती बेसॉल्ट नावाच्या काळ्या खडकापासून झाली आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून हा खडक बनला. ऊन, पाऊस आणि हवा यांच्या परिणामाने तो झिजला. अर्धवट झिजलेला खडक म्हणजे आपला मुरूम, आणि पुरती झिजून झालेली बारीक माती म्हणजे काळी. या मातीत चिकणमातीचे जे अतिसूक्ष्म कण असतात त्यांत मॉन्टमोरिलोनाइट या गटाच्या खनिजाचे प्रमाण मोठे असते. हे नाव फ्रान्समधील मॉन्टमोरियाँ या गावावरून पडले आहे. दाराची सारी कुरकूर या खनिजामुळे होते.

पाने सुटणारी वही

मॉन्टमोरिलोनाइटच्या कणाची रचना वहीसारखी असते. एकावर एक अनेक पाने, आणि एका पानाची जाडी सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या पानांवर ऋण विद्युतभार असतो. पानांच्या मधल्या जागेत कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम यांचे धनभारित आयन बसलेले असतात. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन व दुसरे किंचित ऋण असल्याने तो या आयनांकडे आणि पानांकडे खेचला जातो. पाणी पानापानांमध्ये शिरते, पाने दूर सरतात आणि कण फुगतो. माती वाळली की पाणी निघून जाते, पाने पुन्हा जवळ येतात आणि माती आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच.

सगळी चिकणमाती अशी वागत नाही. केओलिनाइट या दुसऱ्या खनिजाचीही रचना पानांचीच असते, पण तेथे एक पान दुसऱ्याला घट्ट धरून असते, म्हणून पाणी मध्ये शिरू शकत नाही. मॉन्टमोरिलोनाइटच्या साऱ्या पानांचे पृष्ठभाग मोजले, तर एक ग्रॅम खनिजात सुमारे ८०० चौरस मीटर क्षेत्रफळ भरते. १३ मीटर लांब व १० मीटर रुंद अशी सहा कबड्डीची मैदाने एका ग्रॅममध्ये! एवढ्या पृष्ठभागावर पाणी धरले जाते. पिकासाठी हा गुण वरदान आहे, बांधकामासाठी मात्र तोच दोष ठरतो.

करून पहा

तुमच्या बागेतील माती किती फुगते हे प्रयोगशाळेत सहज मोजता येते. अभियंते जी चाचणी करतात, तिचेच हे सोपे रूप आहे.

माती कडक उन्हात पूर्ण वाळवा, खलबत्त्यात बारीक करा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. १०० मिलिलीटरची दोन मापनपात्रे घ्या. प्रत्येकात १० ग्रॅम माती टाका. एकात १०० च्या खुणेपर्यंत पाणी आणि दुसऱ्यात तितकेच रॉकेल भरा. काचेच्या कांडीने हलवून अडकलेली हवा बाहेर काढा आणि पात्रे २४ तास स्थिर ठेवा. रॉकेल वापरताना शिक्षक जवळ असावेत आणि जवळपास ज्योत नसावी.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पात्रांतील मातीच्या थराची खूण वाचा. रॉकेलचे रेणू पाण्याप्रमाणे धन-ऋण टोकांचे नसतात, म्हणून ते पानांमध्ये शिरत नाहीत आणि माती फुगत नाही. पाण्यातील माती मात्र फुगते. समजा, रॉकेलमधील थर १० मिलिलीटर आणि पाण्यातील १७ मिलिलीटर भरला. फरक ७, त्याला १० ने भागून १०० ने गुणले की उत्तर ७० टक्के. हा आकडा ५० पेक्षा कमी असेल तर माती कमी फुगणारी, ५० ते १०० असेल तर मध्यम, आणि १०० च्या पुढे असेल तर बांधकामाला चांगलीच त्रासदायक समजावी. शाळेच्या आवारातील तीन-चार जागांची माती अशी तपासली, तर शेडसाठी कोणती जागा बरी हे दिसून येते.

खालून ढकलणारी जमीन

आता थोडा हिशोब करू. आपली शेड ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे असे माना. सांगाडा व पत्रे मिळून ३०० किलो आणि आतील सामान २०० किलो धरले, तर एकूण ५०० किलो वजन ६ चौरस मीटरवर पडते. म्हणजे चौरस मीटरला सुमारे ८३ किलो. तुमचे वजन ४५ किलो आणि दोन्ही तळव्यांचे क्षेत्रफळ मिळून ३०० चौरस सेंटिमीटर असेल, तर उभे राहिल्यावर तुम्ही जमिनीवर चौरस मीटरला १५०० किलो या प्रमाणात दाब देता. म्हणजे शेडपेक्षा तुमचाच दाब अठरा पट जास्त!

उलट, काळ्या मातीला फुगण्यापासून पूर्णपणे रोखायचे म्हटले, तर चौरस सेंटिमीटरला एक किलो किंवा त्याहूनही जास्त दाब द्यावा लागतो असे प्रयोगशाळेत आढळते. चौरस मीटरला हा दाब १०,००० किलो होतो. कोठे ८३ आणि कोठे १०,०००! अनेक मजल्यांची जड इमारत आपल्या वजनाने या फुगण्याला काही प्रमाणात आवर घालू शकते. आपली शेड तिच्यापुढे पाण्यावरच्या काटकीसारखी आहे. काळ्या जमिनीवर हलक्या बांधकामांनाच जास्त तडे जातात याचे कारण हे आहे.

सगळी शेड सारखीच वर उचलली गेली असती, तर फारसे बिघडले नसते. परंतु पाऊस पडल्यावर बाहेरच्या कडांखालील माती आधी भिजते आणि कडा वर येतात. उन्हाळ्यात याच कडा आधी वाळून खाली बसतात. मधल्या भागावर जमीन झाकलेली असल्याने ओल उडून जात नाही. ती हळूहळू साठते आणि काही वर्षांनी मधोमध उंचवटा येतो. दार असते ते बहुधा कडेलाच. त्याची चौकट दर ऋतूत थोडी थोडी वाकडी होते. सुताराने रंधा मारून दार सरळ केले, तरी पुढच्या ऋतूत चौकट पुन्हा हलणारच.

वरून ओढणारा वारा

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. वाऱ्याचे झोत ताशी १२० किलोमीटरपर्यंत होते. त्या दिवशी कोकणात असंख्य घरांचे आणि शाळांचे पत्रे उडाले. पठारावर चक्रीवादळे क्वचित पोहोचतात, पण वळिवाच्या पावसाआधीचे सोसाट्याचे वारे तेथेही छपरे उचलतात.

वारा छपराच्या कडेला आपटून वरून वाहू लागला की पत्र्याच्या वरच्या अंगाला हवेचा दाब कमी होतो. दार उघडे असेल तर वारा आत शिरून पत्र्याला खालूनही रेटतो. म्हणजे वरून ओढ आणि खालून धक्का! वाऱ्याचा हा दाब काढण्याचे सूत्र सोपे आहे. वेग सेकंदाला किती मीटर ते घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.६ ने गुणा. उत्तर दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये मिळते. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे लक्षात ठेवा.

पुण्यासारख्या ठिकाणी बांधकामाचा आराखडा करताना भारतीय मानकाप्रमाणे वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. मुंबईला ४४ मीटर. ३९ चा वर्ग १५२१, गुणिले ०.६ म्हणजे सुमारे ९१३ न्यूटन. वजनाच्या भाषेत जवळजवळ ९३ किलो. चारी बाजूंनी ३० सेंटिमीटर बाहेर काढलेले आपले छप्पर ३.६ गुणिले २.६, म्हणजे सुमारे ९.४ चौरस मीटर भरते. त्यावर एकूण ओढ होईल ८७० किलोच्या आसपास. पत्र्यांचे स्वतःचे वजन भरते जेमतेम ४७ किलो! पत्र्यावर पाच-पाच किलोचे वीस दगड ठेवले, तरी त्यांची भर अवघी १०० किलोंची. हे दगड छप्पर धरून तर ठेवत नाहीतच, शिवाय वादळात खाली येऊन एखाद्याच्या डोक्यात बसू शकतात.

मग ही ओढ पेलायची कोणी? पायाने. घनमीटर काँक्रीटचे वजन २४०० किलो असते. प्रत्येक कोपऱ्याचा खांब ४५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल अशा काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवला, तर एका ठोकळ्याचे वजन २९२ किलो आणि चारांचे ११६८ किलो होते. ८७० पेक्षा हे जास्त आहे, आणि शेडचे वजन वर आहेच. नुसत्या मातीत रोवलेल्या खांबावर मात्र भरवसा ठेवू नये. उन्हाळ्यात काळी माती आकसली की खांबाभोवती फट पडते, आणि वादळे येतात ती नेमकी उन्हाळ्याच्या अखेरीस.

जागा आणि जोते

म्हणून शेडचे चित्र काढण्याआधी जागा शोधावी. मोठ्या माणसांच्या मदतीने दोन-तीन ठिकाणी मीटरभर खोल खड्डे खणून पाहावेत आणि पाहून झाल्यावर लगेच बुजवावेत. हात-दीड हातावर मुरूम लागला तर अर्धे काम झाले. वरची काळी माती काढून थेट मुरुमावर जोते उचलता येते. कोकणात जांभ्याची जमीन असेल, तर फुगण्याची भीती नाही. तेथे पाणी आणि वारा यांचीच काळजी करावी.

मुरूम खोल असेल तर माती बदलावी लागते. शेडच्या चारी बाजूंनी ६० सेंटिमीटर जास्त धरून ९० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा. आपल्या शेडसाठी हा खड्डा ४.२ गुणिले ३.२ गुणिले ०.९, म्हणजे सुमारे १२ घनमीटरचा होतो. निघालेली काळी माती बागेच्या वाफ्यांना सोन्यासारखी आहे. खड्ड्यात मुरुमाचा १५ सेंटिमीटरचा थर टाकून त्यावर पाणी शिंपडावे व धुमसाने चोपावे. मग पुढचा थर. एकदम सगळा मुरूम ओतून वरून चोपला, तर खालचा भाग पोकळच राहतो. ठोकळ्यांच्या खाली किमान ३० सेंटिमीटर चोपलेला मुरूम राहील असे पाहावे.

येथे एक चूक वारंवार होते. मुरुमाऐवजी वाळू भरली जाते, कारण वाळू फुगत नाही. परंतु वाळूतून पाणी सहज उतरते आणि खड्डा जमिनीखालच्या हौदासारखा भरतो. तळाची काळी माती त्या पाण्याने सावकाश भिजते आणि फुगते. भरावाची माती न फुगणारी हवी, तशीच थोडी चिकटही हवी. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्रा. आर. के. कट्टी यांनी याच प्रश्नावर दीर्घ संशोधन केले. काळ्या मातीवर सुमारे एक मीटर जाडीचा, चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर दिला, तर खालची माती शांत राहते असे त्यांनी दाखवून दिले. कर्नाटकातील मलप्रभा कालव्याच्या कामात ही पद्धत वापरली गेली. मोठ्या इमारतींसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने दुसरा मार्ग काढला. जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल जाणारे, तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब घालायचे. एवढ्या खोलीवर ओल वर्षभर सारखीच राहते, म्हणून तेथील माती हलत नाही.

भरावाच्या वर ३० सेंटिमीटर उंचीचे जोते घ्यावे. जोत्याभोवती बाहेर उतरता कोबा करावा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरणार नाही. पाण्याचा नळ, खतखड्डा आणि मोठे झाड शेडपासून दूर असावे. नळाजवळची माती सतत भिजते, तर झाडाजवळची माती मुळे शोषून कोरडी करतात, आणि दोन्हींमुळे जमीन असमान हलते. झाडाच्या उंचीइतके अंतर ठेवणे चांगले.

एवढा खर्च झेपत नसेल तर तळाची जमीन निदान बसवलेली ठेवू नये. चोपलेल्या मुरुमावर शहाबादी फरश्या सिमेंटशिवाय नुसत्या मांडाव्यात. एखादी वर आली तर उचलून, खालचा मुरूम सारखा करून पुन्हा ठेवता येते. तडा गेलेला कोबा असा दुरुस्त होत नाही. मात्र चार कोपऱ्यांच्या ठोकळ्यांत काटकसर नको.

शेड निवडताना

काळ्या जमिनीवर विटांच्या भिंतींपेक्षा लोखंडी सांगाडा व पत्रा बरा. सांगाडा किंचित वाकला तरी तुटत नाही. विटांची भिंत वाकू शकत नाही, म्हणून तडकते. खांबाच्या तळाशी आडवा तुकडा जोडून घ्यावा, म्हणजे तो काँक्रीटमधून निसटणार नाही. पत्रा आकडी बोल्टने आडव्या पाइपला, पाइप खांबाला आणि खांब ठोकळ्याला पक्का हवा. यातील एक जोड सुटला, तर बाकीच्यांचा काही उपयोग नाही. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून तेथे बोल्ट जवळजवळ लावावेत. अॅस्बेस्टॉसचे पत्रे घेऊ नयेत. त्यांचे तंतू श्वासातून फुप्फुसांत जाऊन गंभीर रोग होतात. जुने असतील तर त्यांना भोके पाडू नयेत.

आकार ठरवताना आधी सामानाची यादी करावी. सर्वांत लांब वस्तू कोणती, हातगाडी आत वळेल का, ते मोजावे. दार हातगाडीपेक्षा रुंद, बाहेर उघडणारे आणि उत्तरेला किंवा पूर्वेला असावे, कारण पावसाळी वारा मुख्यतः नैऋत्येकडून येतो. हवा खेळण्यासाठी खाली व वर जाळीच्या खिडक्या ठेवाव्यात. दमट हवेत लोखंड लवकर गंजते. बियाणे मात्र पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये. बियांतील ओलावा एक टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा बियाणेशास्त्रातील ठोकताळा आहे.

मोजत राहा

तुमच्या शाळेत अशी शेड आधीच असेल, तर ती तुमची प्रयोगशाळा समजा. तिच्या चारही कोपऱ्यांवर रंगाने खुणा करा. जवळच्या एखाद्या न हलणाऱ्या जुन्या भक्कम इमारतीच्या भिंतीवर पाचवी खूण करा. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी काढतात, तशी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येक कोपऱ्याची उंची या पाचव्या खुणेशी ताडून पाहा. मिलिमीटरमधील फरक वहीत लिहा, आणि त्याशेजारी त्या महिन्याचा पाऊसही लिहा. वर्षाअखेर दोन्हींचा आलेख काढा.

काळ्या जमिनीवर शेड असेल, तर आलेखातील रेषा पावसाबरोबर वर चढताना आणि उन्हाळ्यात खाली उतरताना दिसण्याचा संभव मोठा आहे. सगळ्यांत जास्त हलणारा कोपरा कोणता, आणि त्याच्याजवळ नळ आहे की झाड, हेही शोधा. मग पुन्हा कधी कोणी म्हणाले, "पत्र्याची शेड ती, तिला कसला आलाय पाया?" तर त्यांच्यापुढे नम्रपणे ही वही उघडून ठेवा.